तांबड्या कोंबड्यांचं खाद्य

९ नोव्हेंबर

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही ठीक असेल, असं पुढे लिहायची पद्धत आहे. पण तुझ्या पत्रावरून तसं दिसत नाही, म्हणून ते वाक्य गाळते.

पत्र काल अंड्यांच्या गाडीवाल्यानं दिलं. रिकाम्या ट्रेंच्या चळतीत खुपसलेलं होतं, एका कोपऱ्याला बलक लागला होता. ही बाई फोन करायचं सोडून चिठ्ठी का पाठवतेय, ते शेवटी शेवटी कळलं. "घरात कोणाच्या कानावर जायला नको." बरोबर आहे. लोकांच्या कानांना तू पहिल्यापासूनच फार जपतेस, आणि स्वतःच्या नाकाला त्याहून जास्त.

दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला हसू आलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्यांदा नाही आलं.

म्हणजे आता चिंगीच्या अंगाला मासळीचा वास येतो. साबण झाले, लिंबू झालं, तुरटीचं पाणी झालं. तिचा टॉवेल वेगळा केला, ताट बाल्कनीत दिलं, तरी तुझं घर घाण मारतंय. डॉक्टरकडे न्यायची तुला लाज वाटते. पुढच्या महिन्यात तुझ्या मुलाचं लग्न, हॉल बंदिस्त, एसी लावलेला, आणि व्याही बडी माणसं. म्हणून तुला इतक्या वर्षांनी आठवलं की आपल्याला एक बहीण आहे आणि तिलाही असंच व्हायचं. "तुझं कसं गेलं ते कळव. आणि नाहीच जमलं तर लग्नाचे चार दिवस चिंगीला तुझ्याकडे पोल्ट्रीवर ठेवून घे. कोंबड्यांच्या वासात तिचा कळणार नाही."

वा गं ताई. पोटच्या पोरीबद्दल हे लिहिताना तुझं अक्षरसुद्धा हललं नाही. तेच गोल गोल, शाळेत बक्षीस मिळवणारं.

उत्तर देते. पण माझ्या पद्धतीनं, आधी कोंबड्यांचं. कोंबड्यांचा विषय निघाला की तू जांभई देतेस हे ठाऊक आहे मला. या वेळी मात्र ऐकावं लागेल, कारण तुला हवं ते औषध त्यातच आहे आणि मी ते शेवटी नाही, मध्येच कुठेतरी सांगणार आहे. त्यामुळे गाळून वाचता येणार नाही.

तर. बाबांचं वेड तुला आठवतं ना, की अंडं म्हणजे नुसतं अंडं नव्हे, कोंबडी जे खाते ते अंड्यात उतरतं. मका दिला तर मक्याचं अंडं, कचरा दिला तर कचऱ्याचं. शेजारचे हसायचे. बाबा मासळीची पूड आणायचे, जवस भरडायचे, आणि आपल्या दोघींना रोज सकाळी दोन दोन अंडी खायला लावायचे. "माझ्या पोरींची हाडं बघा आणि केस बघा," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. तुझे केस खरंच चांगले होते. माझं काय झालं ते पुढे येईलच.

बाबा थकले तशी पोल्ट्री मी हातात घेतली आणि त्यांचं वेड नीट मापात बसवलं. जवसामुळे बलकात ती चांगली चरबी उतरते, ओमेगा-थ्री म्हणतात ती, हृदयाला बरी. झेंडूच्या पाकळ्यांची पूड घातली की बलक केशरी होतो आणि डोळ्यांनाही त्याचा उपयोग असतो. गिऱ्हाइकाला डोळ्यांचं काही पडलेलं नसतं, त्याला तो रंग हवा असतो. मासळीचं तेल अगदी थोडं. जीवनसत्त्वं मोजून, नाहीतर चरबी खवट होते. नावच पडलं, 'ताकदीची अंडी'. तूही चारचौघींत सांगायचीस म्हणे, आमच्या धाकटीची अंडी आहेत. अंडी तुझी व्हायची, धाकटी नाही.

मग मी तांबड्या कोंबड्या आणल्या. टरफल तपकिरी असलं की लोकांना वाटतं अंडं गावठी, म्हणून. दिसायला देखण्या, स्वभावानं गरीब. पण पहिल्याच महिन्यात हॉटेलवाल्यानं सगळे ट्रे परत पाठवले. निरोप काय, तर "बाई, आम्ही ऑम्लेट मागवलं होतं, मासळी नाही."

मला वाटलं तेल खराब निघालं. तेल बंद केलं आणि त्याऐवजी मोहरीची पेंड वाढवली. वास आणखी वाढला. भांडी बदलली, पाणी बदललं, पाखरांवर खेकसले. शेवटी एकेका पिंजऱ्याची अंडी वेगळी फोडून वास घेत बसले, अगदी नाक बधिर होईपर्यंत. तेव्हा कळलं की पांढऱ्या कोंबड्यांपैकी एकीच्याही अंड्याला वास नाही. तांबड्यांपैकीही सगळ्यांच्या नाही. मोजक्याच होत्या. खाद्य तेच, पाणी तेच, शेजारी शेजारी बसणाऱ्या, आणि एकीचं अंडं चांगलं, दुसरीचं नाकाजवळ नेववत नाही.

कोंबड्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, हे जुनंच आहे. पेंडीत आणि मासळीत जे असतं त्याचा पोटात गेल्यावर एक वासाचा पदार्थ होतो. बाकीच्या कोंबड्या तो शरीरातच मोडून टाकतात. काही तांबड्यांना जन्मतःच तो मोडता येत नाही, मग तो थेट बलकात उतरतो. पेंड वाईट नाही, कोंबडीही वाईट नाही, दोघींची गाठ पडली की वास येतो. मी विचारलं, मग या कोंबड्यांचं करायचं काय, विकून टाकू? ते हसले. "विकताय कशाला? त्यांचं खाद्य बदला."

आणि हात धुता धुता सहज म्हणाले, "माणसांतही असतात अशी. थोडी असतात, पण असतात. अंडी, मासे, काळीज खाल्लं की घामाला मासळीचा वास. बिचारी आयुष्यभर साबण बदलत बसतात."

ताई, मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ते गेल्यावर खाद्याच्या खोलीत गेले आणि जवसाच्या पोत्यावर बसून राहिले. तुला ती खोली आठवत असेल. नसेल तर आठवण करून देते.

तुझे सासरचे पहिल्यांदा घरी आले तेव्हा तू मला त्याच खोलीत बसवलं होतंस. कडी बाहेरून. "तासाभराचा प्रश्न आहे, मासोळी, समजून घे." मासोळी हे नाव तूच ठेवलंस, आईला वाटायचं लाडानं म्हणतेस. आपल्या पलंगाच्या मधोमध तू उशांची भिंत रचायचीस. शाळेत माझ्या बाकावर तूच पावडर ओतलीस आणि सगळ्या वर्गाला कारण सांगितलंस. माझ्या मैत्रिणी आल्या की दारातच विचारायचीस, "नाकाला रुमाल आणलाय का?" हसायच्या बिचाऱ्या. मग यायच्या बंद झाल्या.

आणि तुझं लग्न. "कोंबड्यांकडे बघायला कोणीतरी हवं ना." बाबा काही म्हणाले नाहीत, आई काही म्हणाली नाही. तुम्ही सगळे नटूनथटून गेलात आणि मी पिंजऱ्यांखालची घाण उपसत होते. त्या दिवशी सकाळी आईनं मला वाईट वाटू नये म्हणून दोनाच्या ऐवजी तीन अंडी दिली होती. तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये दूरच्या चुलत्याचा ड्रायव्हरसुद्धा आहे.

तर हे तुझं औषध. मी अंडी सोडली, मासे सोडले. पंधरवड्यात वास गेला. साबण लागला नाही, लिंबू लागलं नाही. सगळा जन्म ज्या वासापायी कोणाच्या शेजारी बसले नाही तो नाश्त्याची थाळी सरकवून दिल्यावर गेला. त्या दिवशी मी रडले नाही, मला राग आला. बाबांचा नाही, त्यांनी प्रेमानं भरवलं. तुझा आला. वास माझ्या अंगाचा होता, पण माणसातून उठवलं ते तू.

आता तू म्हणशील, हे तुला इतकी वर्षं ठाऊक होतं, मग मला कधी का नाही सांगितलंस? थांब. तिथेच येतेय.

बाबा गेले तेव्हा तू आलीस, चिंगीला घेऊन. दहाएक वर्षांची असेल. आल्या आल्या पोर माझ्या गळ्यात पडली, कधी बघितलं नव्हतं तरी. आणि तिच्या मानेला मला तो वास आला. अगदी हलका. दुसऱ्या कोणाला कळलाही नसता, पण मी त्या वासात वाढलेय. तुला बाजूला घेऊन सांगायचं म्हणून मी उठले, खरंच उठले. तेवढ्यात तू चिंगीचा हात धरून तिला ओढलंस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "मावशीला चिकटू नकोस गं, कपडे पुन्हा धुवावे लागतील."

ताई, तेव्हा माझा वास जाऊन दोन वर्षं झाली होती.

तू नीट हुंगलंही नव्हतंस. तुला गरजच नव्हती. मासोळी म्हणजे वास, हे तुझ्या डोक्यात पक्कं होतं. मी खाली बसले आणि तोंड मिटलं. आणि पुढच्या गुरुवारपासून गाडीवाल्याबरोबर तुझ्याकडे ट्रे यायला लागला. आठवतं? तुला वाटलं, बाबा गेले म्हणून धाकटी नरमली. "चिंगीला रोज दोन दे हं, वाढतं वय आहे," असा निरोपही मी न चुकता पाठवायची. सगळ्यात भारी अंडी तुला पाठवली, ताई. केशरी बलकाची, जवसाची, मासळीच्या तेलाची. बाजारात त्यांना रांग लागते.

वाच पुन्हा हवं तर. मी मुद्दाम केलं. मला हवं होतं की एकदा तरी तुझ्या स्वतःच्या घरात, तुझ्या स्वतःच्या माणसाला तो वास यावा, आणि मग बघावं तू काय करतेस. मला वाटायचं, पोटची पोर आहे, हिच्यासाठी तरी विरघळेल. विरघळली की लगेच सांगून टाकू. तू बाल्कनीत ताट ठेवलंस. दरवर्षी मला वाटायचं, या वर्षी सांगू. दरवर्षी गाडीवाला तुझ्याकडची काहीतरी बातमी आणायचा आणि मी ट्रे भरायची.

मधल्या मधे भरडली गेली ती चिंगी, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. तिच्यापेक्षा तुझ्यावरचा राग मोठा होता, एवढंच.

आता पुढचं. गेल्या महिन्यात तू तिला मैत्रिणीकडे अभ्यासाला गेलीय समजत होतीस ना, त्या दिवशी ती गाडीवाल्याच्या शेजारी बसून माझ्याकडे आली. त्यानं दोन्ही काचा खाली केल्या होत्या. पोरीनं ते मला सांगितलं, आणि वर म्हणाली, "काका चांगले आहेत, बोलले काही नाहीत." दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. "मावशी, तुला पण होतं ना? आई चिडली की म्हणते, तू मावशीवर गेलीस."

मी तिला बसवलं. आणि हात सवयीनं चालतात बघ, घरी आलेल्या माणसाला मी काय देणार? ऑम्लेट केलं. तिच्यापुढे ठेवलं. तिनं तुकडा तोडला, म्हणाली, "तुझी अंडी मला फार आवडतात. घरात माझ्यासाठी कोणी काही पाठवतं ते तूच."

मी तिच्या हातातून तो तुकडा काढून घेतला. ओढूनच घेतला, पोर दचकली. मग सगळं सांगितलं. तांबड्या कोंबड्या, डॉक्टर, खाद्याची खोली, तुझं लग्न. आणि ट्रेचंही सांगितलं. मला वाटलं ती भांडी फेकेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ताट माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, "मावशी, तुम्ही दोघी अगदी सारख्या आहात गं."

एवढं बोलून तिनं हात धुतले. निघताना एकच मागितलं. "आईला सांगू नकोस. मी अंडी सोडते. बघू तिला कधी कळतं."

त्या दिवसापासून तिनं अंड्याला हात लावलेला नाही. तुझ्याकडे येणारे ट्रे तुमच्या खालच्या इस्त्रीवाल्याच्या घरी जातात, त्याची पोरं गुटगुटीत झालीत म्हणे. चिंगीचा वास केव्हाच गेला. कॉलेजात तिच्या शेजारी एक मुलगी येऊन बसली, त्याचा तिनं मला फोन केला. मुलगी शेजारी बसली म्हणून फोन, ताई. गाडीवाल्यानं मागच्या खेपेला तिला वाटेत सोडलं तेव्हा काचा बंद होत्या. सगळ्यांना कळलं.

आणि काल तुझं हे पत्र आलं. "हल्ली तर फारच वाढलाय. ती खोलीत आली की मला मळमळतं."

चिंगीला मी ती ओळ फोनवर वाचून दाखवली. दाखवायला नको होती, पण दाखवली. ती म्हणाली, "रोज सकाळी मी मुद्दाम तिच्या अगदी जवळ जाऊन उभी राहायची, मावशी. वाटायचं, आज म्हणेल, अगं, वास गेला की."

तर आता तूच सांग, ताई, तुला नेमका कशाचा वास येतोय? तुझ्या हॉलच्या एसीत तो कळेल की नाही, ते मला सांगता येत नाही. माझ्याकडे कोंबड्यांचं औषध आहे, याचं नाही.

लग्नाच्या चार दिवसांत चिंगीला माझ्याकडे ठेवून घे म्हणालीस. नाही ठेवता येणार. तिला नोकरी लागलीय, दुसऱ्या गावी, राहायची सोय आहे. बुधवारी मुलाखतीला जातेय असं तिनं तुला सांगितलंय, पण मुलाखत केव्हाच झाली, ती कामावर रुजू व्हायलाच निघणार आहे. तिनं भावासाठी भेट आणून ठेवलीय, कपाटात वरच्या कप्प्यात, सापडेल. मी म्हटलं, पत्ता दे, अधूनमधून येईन. ती म्हणाली, "कशाला? ट्रे पाठवायला?"

माझा फोन उचलेन, असंही ती म्हणाली नाही. मी विचारायचं धाडस केलं नाही. तू रागावशील तेव्हा एवढं ध्यानात ठेव, की पोर तुझ्याकडून गेलीय तशी माझ्याकडूनही गेलीय. मला तर ती मिळाली होती जेमतेम एक दुपार.

हे पत्र मंगळवारी लिहून झालंय, पण मी ते गुरुवारच्या गाडीनंच पाठवणार. तू बुधवारी तिला अडवायला दारात उभी राहिली असतीस, लोक काय म्हणतील म्हणून, आणि तिला वाटलं असतं आई थांबवतेय. तेवढं खोटं आता तिला नको.

गाडीत या वेळी तुझ्यासाठी ट्रे नाही. खाणार कोण? रिकामे मात्र परत पाठव, त्यांचा तुटवडा आहे.

त्या तांबड्या कोंबड्यांच्या वाणाची शेवटची एक अजून माझ्याकडे आहे. म्हातारी झालीय, अंडी देत नाही, तरी ठेवलीय. ती पहिल्यापासून बदललेल्या खाद्यावर, म्हणून तिच्या अंड्याला कधी वास आला नाही. लोकांनी चवीनं खाल्ली.

भाचेसुनेला आशीर्वाद. लग्नाला मी येत नाही, कोंबड्यांकडे बघायला कोणीतरी हवं.

तुझ्यासारखीच,
धाकटी